सात थानांचे ऐंशी कुडते

शांताताईंनी गठ्ठे सोडले तेव्हा इंदुताई स्वतः मोजायला बसल्या. माधवगंजातल्या देवळामागच्या खोलीत महिला मंडळाच्या बायका जमल्या होत्या. इंदुताईंनी दहा-दहा कुडत्यांचे ढीग लावत आणले. सात ढीग पुरे झाले. आठव्या ढिगात सातच कुडते आले.

"सत्त्याहत्तर," इंदुताई म्हणाल्या. "बाकीचे तीन?"

"एवढेच झाले," शांताताई म्हणाल्या. "कापड संपलं."

"संपलं कसं? ऐंशीचं कापड दिलं होतं."

शांताताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या. मग "मामंजी एकटे आहेत घरी," असं म्हणून चपला घालून निघून गेल्या. त्या काही खुलासा न करता गेल्या, हेच बायकांना फार खटकलं.

संस्थान विलीन होऊन काही महिने झाले होते. ग्वाल्हेर आता मध्यभारतात होतं, जुनी खाती बंद होत होती, नवी उघडत होती, आणि या उलथापालथीत वस्तू नाहीशा होत होत्या. कचेरीतलं भिंतीवरचं घड्याळ गेलं. कोठीतल्या सतरंज्या कोणाच्या तरी लग्नात दिसल्या. त्यामुळे शहराच्या लष्कर भागात त्या दिवसांत जो तो दुसऱ्याच्या घरात शिरला की आधी नजर फिरवून घेई. मंडळाला मिळालेलं कापडही बंद होणाऱ्या एका सरकारी कोठीतलंच होतं. पांढऱ्या जाड कापडाची सात थानं, प्रत्येक वीस गजांचं, आणि प्रत्येकाच्या टोकाला संस्थानचा निळा शिक्का. शहराबाहेरच्या छावणीत सिंध-पंजाबातून आलेली माणसं राहत होती, त्यांच्या मुलांना थंडीच्या आत कुडते शिवून द्यायचे, असं ठरलं होतं, आणि शिवणाचं काम शांताताईंकडे दिलं होतं. कापडाच्या पावतीवर सही होती इंदुताईंची. त्यांचे सासरे दरबारातले अधिकारी, नवरा वकील. घराण्याच्या नावाला त्या फार जपत.

आणि ऐंशीचा आकडा होता सुधाताईंचा.

सुधाताई मुलींच्या शाळेत गणित शिकवत. कापड आलं त्या दिवशी इंदुताईंनी नमुन्याचा एक कुडता उसवून मोजला होता. पूर्ण बाह्यांचा, बिनजोडाचा कुडता, त्याला पावणेदोन गज लागत होतं. "सुधा, किती होतील गं?" त्यांनी विचारलं. खोलीत फळा होताच. सुधाताईंनी खडू घेतला. सात थानं, एकशे चाळीस गज. त्याला पावणेदोनने भागायचं. पावणेदोन म्हणजे सात चतुर्थांश, तेव्हा अपूर्णांक उलटा करून चार सप्तमांशांनी गुणायचं. उत्तर आलं ऐंशी. बाकी काही उरली नाही. बायकांनी कौतुक केलं आणि सुधाताईंनाही बरं वाटलं होतं. शाळेत तेव्हा नव्या खात्याची माणसं येऊन कोणती शिक्षिका ठेवायची, कोणती नाही, हे पारखत होती. कोणी आपल्याला हुशार म्हटलं की त्या दिवसांत त्यांना धीर येई.

आता सगळ्या त्यांच्याकडेच बघत होत्या.

"बाई, तुमचा हिसाब पक्का आहे ना?" एकीने विचारलं.

सुधाताईंनी फळ्यावर पुन्हा मांडून पाहिलं. एकशे चाळीस, चार, सात, ऐंशी. "गणित बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

त्या एका वाक्याने शांताताई चोर ठरल्या. तसं कोणी तोंडाने म्हटलं नाही, पण खोलीतून बाहेर पडताना प्रत्येकीला काही ना काही आठवत होतं. एकीने त्यांना सराफ्यात पाहिलं होतं. "शिवणारीचं सराफ्यात काय काम?" दुसरीच्या मते त्यांच्या दाराला नवा पडदा लागला होता. तिसरी म्हणाली, "नवरा लढाईत गेला, वर म्हातारा सासरा घरात. माणूस काय करेल सांगता येतं का?" हे ती कळवळ्याने म्हणाली, पण त्या कळवळ्यातही संशय होताच.

सुधाताई घरी आल्या आणि त्यांनाही आठवायला लागलं. कापड ताब्यात घेताना शांताताई म्हणाल्या होत्या, "ऐंशी होतात का ते बघते हं." तेव्हा ते साधं बोलणं वाटलं होतं. आता वाटू लागलं, की बाईने आधीच सोय करून ठेवली होती. कुडते आणून दिले तेव्हा घाईघाईने निघून गेल्या, तेही आठवलं. एकदा नजर तशी झाली की सगळं त्यात बसत गेलं.

"चल, जाऊन बघू," इंदुताई दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाल्या. "मी छावणीच्या साहेबांना ऐंशी सांगून बसले आहे. तीन कुडते गेले म्हणून कोणी माझ्या सासऱ्यांचं नाव काढायला नको."

खासगी बाजार नावाच्या पेठेतल्या एका गल्लीत शांताताईंचं घर होतं. पुढे लहानसं अंगण, मागे दोन खोल्या. दाराला पडदा होता, पण तो जुन्या साडीचा होता. इंदुताईंनी तो हाताने चाचपून पाहिला आणि मग बाजूला सारला.

अंगणात खाटेवर शांताताईंचे सासरे कान्होजी बसले होते. पूर्वी संस्थानच्या फौजेत हवालदार. मिशा अजून पिळलेल्या, पाय मात्र सुजलेले. बायकांना पाहून ते उठायला लागले.

"बसा, बसा," सुधाताई म्हणाल्या.

"बाईसाहेब आल्या आणि मी बसू?" ते उठलेच. "शांता, पाणी आण. बघ कोण आलंय." मग हसून त्यांनी खाटेकडे हात केला. "या, इथे बसा. नवी चादर आहे. सुनेने शिवलीय माझ्यासाठी. हे बघितलंत का? सरकारचा शिक्का! आता बाजारात हुडकून मिळायचा नाही हा. फौजेत होतो तेव्हा कंबलावर असायचा, थैलीवर असायचा. अब तो सब गया. म्हटलं, चला, अंगाखाली तरी राहिला."

सुधाताईंनी खाली पाहिलं. पांढऱ्या जाड कापडाचे पट्टे एकमेकांना जोडून ती चादर केली होती. प्रत्येक पट्ट्यावर निळा शिक्का होता. एक, दोन, तीन. त्यांना पुढे मोजवेना.

इंदुताई मोजत होत्या. "सात," त्या म्हणाल्या. "सातही थानांचं कापड आहे यात."

शांताताई पाण्याचा तांब्या घेऊन दारात आल्या होत्या. त्या तिथेच थांबल्या.

"शांता, हे काय?"

"तुकडे उरले होते," शांताताई हळू म्हणाल्या. "त्यातून कुडता निघत नव्हता. कातरण शिवणारीकडेच राहतं, इंदुताई. सगळीकडे तसंच असतं."

"कातरण? हे एवढाले पट्टे म्हणजे कातरण? सुधा, मोज गं."

सुधाताईंनी अंगणातल्या शिवणाच्या मशीनजवळ पडलेली मोजायची पट्टी उचलली. एक पट्टा मोजला. पाऊण गज. दुसराही पाऊण. सगळे पाऊण-पाऊण होते. मनात हिशेब आपोआप होत गेला. सात वेळा पाऊण म्हणजे सव्वापाच. सव्वापाचाला पावणेदोनने भागायचं. तीन.

"किती?" इंदुताईंनी विचारलं.

"सव्वापाच गज."

"त्याचे कुडते किती?"

सुधाताईंच्या तोंडून उत्तर निघालं, "तीन."

"बरोबर तीन!" इंदुताई म्हणाल्या. "ना कमी, ना जास्त. आता काय म्हणायचंय तुला, शांता?"

"नव्हता निघत त्यातून," शांताताई एवढंच पुन्हा म्हणाल्या. मग तांब्या खाली ठेवून त्या आत गेल्या.

कान्होजींना आधी काय चाललंय ते कळलं नव्हतं. आता कळलं. त्यांचा चेहरा उतरला. ते वाकले, खाटेवरची चादर ओढून काढली आणि चारी कोपरे जुळवून, फौजेत लावतात तशी तिची चौकोनी घडी घातली. दोन्ही हातांवर घेऊन ती इंदुताईंपुढे धरली.

"घेऊन जा, बाईसाहेब. मी नोकरी केली ती राखणीची. कोठीच्या दारावर रात्री काढल्यात. कोठीचा माल माझ्या घरात मिळाला, हे ऐकायचं राहिलं होतं."

इंदुताईंनी घडी घेतली. बाहेर गल्लीत दोन-तीन दारं किलकिली झाली होती.

चादर सुधाताईंकडे आली, कारण तिचे तीन कुडते कोणी तरी शिवायला हवे होते आणि शांताताईंकडे पुन्हा जाण्याचा प्रश्नच नव्हता. रविवारी सकाळी सुधाताईंनी शिवण उसवली, सातही पट्टे वेगळे केले आणि जमिनीवर पसरले. नमुन्याच्या कुडत्याचे कागद त्यांच्याकडे होतेच. पुढचा-मागचा भाग सलग होता. खांद्यावर जोड नको, असं इंदुताईंनीच बजावलं होतं. तो लांब कागद त्यांनी पहिल्या पट्ट्यावर ठेवला.

कागद पट्ट्याच्या बाहेर गेला. अर्ध्याहून जास्त.

आडवा करून पाहिला, तिरका करून पाहिला. दुसरा पट्टा घेतला. मग त्यांच्या लक्षात आलं, की सातही पट्टे सारखेच आहेत, कितीही पट्ट्यांवर ठेवून पाहिला तरी कागद बाहेरच जाणार. त्या जमिनीवर तशाच बसून राहिल्या. कापड सव्वापाच गज होतं, यात खोटं काही नव्हतं. सव्वापाचात पावणेदोन तीन वेळा जातात, यातही नाही. पण सव्वापाच गज असा एक सलग तुकडा कुठे होता? कधीच नव्हता.

त्यांनी पाटी ओढली. या वेळी एकशे चाळीस मांडले नाहीत. एकच थान मांडलं. वीस भागिले पावणेदोन. अकरा पूर्णांक तीन सप्तमांश. अकरा कुडते निघाले, त्यांना सव्वाएकोणीस गज लागलं, उरलं पाऊण गज. प्रत्येक थानामागे पाऊण गज. अकरा साते सत्त्याहत्तर.

फळ्यावर त्यांनी सातही थानं एकाला एक शिवून एक लांबलचक थान केलं होतं, आणि ते ध्यानातही आलं नव्हतं. म्हणून उत्तर नेमकं आलं होतं. तीन सप्तमांश कुडता, असे सात तुकडे मिळून कागदावर तीन कुडते होतात. पण तीन सप्तमांश कुडता कोणी घालतं का? वर्गात त्या रोज मुलींना विचारत, उत्तर आलं ते कशाचं आलं, गजाचं की कुडत्याचं? स्वतःला मात्र त्यांनी ते विचारलं नव्हतं.

त्या तडक इंदुताईंकडे गेल्या. इंदुताईंनी सगळं ऐकून घेतलं. दोनदा समजावून घेतलं. त्या काही बिनडोक नव्हत्या.

"म्हणजे सत्त्याहत्तरच व्हायचे होते," त्या शेवटी म्हणाल्या.

"हो. तिने एक कुडता कमी काढला नाही. चुकलं माझं."

"पण तुकडे तर ठेवून घेतले ना तिने? विचारलं का?"

"नाही विचारलं. पण तुम्ही जोड नको म्हणाला होतात, इंदुताई. मग ते तुकडे आपल्या काय कामाचे होते?"

"विचारायला हवं होतं," इंदुताई पुन्हा म्हणाल्या, पण आवाज खाली आला होता. मग त्या म्हणाल्या, "हे बघ सुधा, झालं ते झालं. आता मंडळात पुन्हा हा विषय कशाला? लोक विसरतील."

"तिच्या गल्लीतले विसरणार नाहीत."

मंडळाच्या पुढच्या बैठकीत सुधाताई उभ्या राहिल्या. वर्तमानपत्राच्या कागदाचे त्यांनी सात सारखे पट्टे कापून आणले होते आणि एक लहानशी पट्टी पावणेदोन गजांच्या जागी. सगळ्यांसमोर त्यांनी एकेका पट्ट्यातून लहान पट्ट्या कापून दाखवल्या. प्रत्येक पट्ट्यातून अकरा निघत आणि एक तुकडा उरे. "हा तुकडा आणि हा तुकडा, यांचा एक कुडता होईल का? जोड न देता?" त्यांनी विचारलं. "नाही होणार. हिशेब माझा चुकीचा होता. शांताताईंनी आपलं काही घेतलेलं नाही."

बायका ऐकत होत्या. काहींना पटलं, तसं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पण मागून एक आवाज आला, "त्या दिवशी तर छातीठोक सांगितलं, गणित बरोबर आहे. आज चुकलं म्हणतात."

"तुकडे त्यांच्याच घरी आहेत ना आता?" दुसरी म्हणाली. "शांताकडून यांच्याकडे गेले. आपल्याला काय माहीत, दोघींचं काय ठरलंय ते."

सुधाताईंना हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी इंदुताईंकडे पाहिलं. इंदुताई कागदाचे कपटे गोळा करत होत्या. मग मान वर करून म्हणाल्या, "तुकडे मी सुधाला दिलेत. माझ्या हाताने. आणि जोड नको हेही मीच म्हटलं होतं. कोणाला काही बोलायचं असेल तर मला बोला." पुढे कोणी बोललं नाही. पण कोणी पूर्ण मोकळंही झालं नाही.

ऐंशीचा शब्द मात्र छावणीला दिलेला होता. सुधाताईंनी विचार केला, पूर्ण बाह्या कशाला हव्यात? लहान मुलांसाठी एक पट्टा पुढे, एक मागे, खांद्यावर जोड, बाजूच्या कापडातून आखूड बाह्या. दोन पट्ट्यांत एक कुडता. सात पट्ट्यांत तीन होतात आणि एक पट्टा शिल्लक राहतो. या वेळी त्यांनी गणितावर विश्वास ठेवला नाही. आधी कागद ठेवून पाहिला, मगच कात्री लावली. शिवण मात्र हातची होती आणि त्यांचा हात शिवणाचा नव्हता. गळे वाकडे आले.

ते तीन कुडते आणि उरलेला पट्टा घेऊन त्या खासगी बाजारात गेल्या. शांताताई दारातच उभ्या राहिल्या, आत या म्हणाल्या नाहीत. सुधाताईंनी तिथेच उभ्याने सगळं सांगितलं, गल्लीतल्या दारांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. हिशेब माझा चुकला, थान वेगवेगळं धरायला हवं होतं, तुमचे सत्त्याहत्तर बरोबर होते.

शांताताई ऐकत होत्या. "मला तुमचं ते भागणं-बिगणं कळत नाही, बाई," त्या म्हणाल्या. "मी विचारलं नाही, ते माझं चुकलं. पण तुम्हीही विचारलं नाहीत. मोजलंत."

सुधाताईंनी हातातली कुडत्यांची घडी पुढे केली.

"अगं, आत घे त्यांना," अंगणातून कान्होजींचा आवाज आला. "उन्हात उभं केलंस."

सुधाताई आत गेल्या. उरलेला पट्टा त्यांनी कान्होजींसमोर धरला. "हा तुमचा, आबासाहेब. मंडळात सांगून आणलाय."

म्हाताऱ्याने पट्ट्याकडे पाहिलं, हात लावला नाही. "नको, बाई. त्याच्यावर आता नीट झोप यायची नाही. छावणीत कोणा बाळंतिणीला द्या, दुपट्यासाठी."

शांताताईंनी तेवढ्यात कुडत्यांची घडी उलगडून पाहिली होती. वाकड्या गळ्यावरून त्यांनी बोट फिरवलं आणि मशीनवर जाऊन बसल्या. टाके उसवले, गळे पुन्हा लावले, खांद्याचे जोड आतून पक्के केले. तिन्ही कुडते हातात देताना शांताताई म्हणाल्या, "हे पोरांचे आहेत म्हणून. मंडळाचं काम मी आता करणार नाही. तसं इंदुताईंना सांगा."

छावणीत कुडते पोचवले तेव्हा तिथल्या साहेबांनी गठ्ठा उघडलाही नाही. "कितने हैं?" त्यांनी विचारलं. "ऐंशी," इंदुताई म्हणाल्या. साहेबांनी आकडा लिहून घेतला आणि पुढच्या माणसाकडे वळले. परतीच्या टांग्यात इंदुताई म्हणाल्या, "सत्त्याहत्तर म्हटलं असतं तरी चाललं असतं गं."

"हो," सुधाताई म्हणाल्या.

दसऱ्यानंतर इंदुताई एकट्याच शांताताईंकडे जाऊन आल्या. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पुढे त्यांच्या ओळखीने शांताताईंकडे चांगल्या घरांतलं शिवण येऊ लागलं. नंतर सुधाताईही आपली पोलकी तिथेच टाकू लागल्या. शिवलेलं पोलकं हातात येई तेव्हा त्याच्यावर एक पुडी ठेवलेली असे. त्या पोलक्यातून उरलेलं सगळं कापड तिच्यात असे, हातभर तुकड्यापासून बोटभर चिंधीपर्यंत. "अहो शांताताई, हे कशाला? ठेवा तुम्हालाच," सुधाताई दर वेळी म्हणत. शांताताई पुडीला दोरा बांधत आणि पिशवीत टाकत.